वटवाघळांना वोट नाही

२९ जानेवारी १९६२, सोमवार

कागदा, चुका माफ कर. माझं शुद्धलेखन कच्चं, आणि टाइप करणं म्हणजे एक बोट चालतं, बाकीची बघत बसतात. बिंदुमाधवमामांच्या टायपिंग क्लासमध्ये सगळ्यांना इंग्लिश मशीन हवी. कोपऱ्यातल्या हिंदी मशीनवर कोणी बसत नाही, म्हणून ती मला. मामा म्हणाले, "मनाला येईल ते मार कावेरी, बोटं वळू देत." हिच्यावर ळ नाही. ल मारायचा आणि मग पेनाने शेपूट काढायची. आणि मला लिहायचंय वटवाघळांबद्दल!

शाळेत उभं राहून वाचायला लावायचे. माझा आवाजच फुटायचा नाही. सातवीनंतर गेलेच नाही. इथे बरं आहे, बोटांना कोणी मोठ्याने बोल म्हणत नाही.

६ फेब्रुवारी

आमच्या घरासमोर मुनेश्वर देवाचा वड आहे. त्यावर वटवाघळं. किती, ते देवाला माहीत. दिवसभर वाळत घातलेल्या चिंध्यांसारखी लटकतात आणि दिवेलागणीला सगळी एकदम उठतात. आत्या घड्याळ बघत नाही. वटवाघळं उठली की देवाजवळ दिवा लावते. आजीही तसंच करायची, तिची सासूही. आमच्या गल्लीत दिवाळीला फटाके वाजवत नाहीत, ती बिचकतात म्हणून. लहानपणी मला वाटायचं, सगळ्या बेंगळूरची दिवाळी मुकी असते.

आई गेल्यापासून आत्यानेच आम्हाला वाढवलं – मला आणि अण्णाला. ती फार बोलत नाही. मी तिच्यावर गेले असं सगळे म्हणतात.

आता वटवाघळांवर निवडणूक आलीये. कनकपुरा रस्त्यावरच्या द्राक्षमळेवाल्यांनी सरकारला अर्ज दिला – ही रात्री येऊन घड खातात, मारून टाका. बागायत खात्याची बंदुकीची ऑर्डर तयार आहे म्हणे, विधानसभेच्या मेंबरच्या एका शब्दासाठी अडलीये. जुना मेंबर मळ्यांत जाऊन सांगतो, मला निवडून द्या, महिन्यात झाड साफ. नवे उमेदवार आमच्या गल्लीत येऊन सांगतात, झाड मुनेश्वराचं, एक गोळी उडणार नाही. अण्णा नव्यांच्या बाजूने. घसा बसेपर्यंत ओरडतो. माझ्या वाटणीचा आवाज त्यालाच मिळालाय.

१० फेब्रुवारी

शिवाप्पा आले होते. त्यांचा मळा आहे. मी पाळण्यात होते तेव्हापासून आत्याला द्राक्षं आणून देतात, आत्याला अक्का म्हणतात. आज अण्णाची नि त्यांची जुंपली. शिवाप्पांचं मराठी अर्धं कानडी, वटवाघळाला बावली म्हणतात, पण भांडताना अगदी सरळ.

अण्णा म्हणाला, "तुमच्या द्राक्षांना वोट आहे का हो?"

"तुझ्या बावलींना आहे का? उलट्या लटकून शिक्का कुठे मारतील रे?"

आत्या तोंडाला पदर लावून हसली. मग शिवाप्पा टोपली ठेवत हळूच म्हणाले, "अक्का, या वर्षी स्वल्पच आणलीत. उरलीच तेवढी." टोपलीत वर चांगली होती, खाली अर्धी कुरतडलेली. त्यांनी लपवली नव्हती, तशीच आणली होती. आत्याने कुरतडलेली वेगळी काढली नाहीत. सगळी धुतली.

मला दोघांचंही खरं वाटतं. असं वाटणाऱ्याने वोट कुणाला द्यायचं? माझं वय नाही म्हणून सुटले.

२० फेब्रुवारी

मतदान झालं. आत्या बोटाची शाई पुसून काढत होती. कुणाला दिलंस, विचारलं. म्हणाली, "झाडाला."

२६ फेब्रुवारी

नवे निवडून आले. अण्णाचे!

पुढचं लिहायला बोट उचलत नाही. दुपारी मिरवणूक आली. अण्णा खांद्यावर, गुलालाने लाल, डोळ्यांत पाणी. "आत्या, बाहेर ये, वाचली तुझी वटवाघळं!" तमटे वाजत होते, माणसं नाचत होती. चिकपेठेतल्या पोरांनी वडाच्या पारंबीला फटाक्यांची लांबच लांब माळ टांगली. ती इथली नव्हती, त्यांना काय माहीत. पण काडी त्यांनी अण्णाच्या हातात दिली. आणि अण्णाने लावली. आमच्या अण्णाने! आयुष्यात लवंगी फटाका उडवला नाही त्याने. त्या आनंदात विसरला.

सगळी एकदम उठली. भर उन्हात. आभाळ काळं झालं. खाली लोक टाळ्या पिटत होते, त्यांना वाटलं शुभ आहे. अण्णा खांद्यावर तसाच, तोंड वर करून.

२७ फेब्रुवारी

आली नाहीत.

काल संध्याकाळी अण्णा जेवायलाच येईना. गुलाल तसाच अंगावर. आत्याने ताट वाढलं, त्याच्यासमोर नेऊन ठेवलं आणि "जेव" म्हणाली. एवढंच. तो रडायला लागला. तिने भातावर आणखी तूप वाढलं.

मग ती दारात उभी राहिली. अंधार पडला तरी उभीच. दिवा कधी लावायचा ते तिला कळेना. मी जाऊन म्हणाले, "आत्या, लाव आता." वटवाघळांचं काम मी केलं. वाईट केलं.

८ मार्च

सापडली! शिवाप्पांनीच निरोप पाठवला. त्यांच्या मळ्याला लागून तळं आहे, तिथल्या चिंचांवर उतरलीत. आता मळ्यात यायला त्यांना उडावंही लागत नाही, नुसता हात लांब केला की घड.

अण्णा धावत नव्या मेंबरांकडे गेला. वचनाची आठवण दिली. ते म्हणाले, "मी मुनेश्वराच्या झाडाचं वचन दिलं होतं. चिंचेचं नाही." आता तालुका बोर्डाची निवडणूक येतेय, तिथे मळेवाल्यांची मतं लागतात. ऑर्डरवर त्यांनी हो म्हणून टाकलं. पुढच्या आठवड्यात बंदुका येणार. अण्णाने खिशावरचा बिल्ला काढला आणि चुलीत टाकला. पत्र्याचा होता, जळला नाही. आत्याने चिमट्याने काढून राखेत ठेवला.

१२ मार्च

काल आम्ही तिघं शिवाप्पांच्या बैलगाडीतून मळ्यात गेलो. तेच न्यायला आले. म्हणाले, "अक्का, ऑर्डर आलीये. एकदा बघून तरी घ्या."

चिंचेची झाडं वटवाघळांनी काळी झाली होती. आत्या खाली जाऊन उभी राहिली, माहेरी आल्यासारखी. मग तिने बोट दाखवलं. बहुतेकींच्या छातीशी पिल्लू. एकीने पंख स्वल्प उघडला, आतून एवढंसं तोंड बाहेर आलं आणि परत आत. शिवाप्पाही बघत होते.

"पिल्लं उडेपर्यंत थांबलो असतो," शिवाप्पा म्हणाले. "पण तोपर्यंत मळ्यात देठ उरतील. डबे वाजवून हाकलता येतात, पण वाजवायला माणसं कुठली? मी एकटा. मळा एवढा."

तेव्हा मी बोलले. मोठ्याने. "मी येते वाजवायला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अण्णा म्हणाला, "तू? तुझा तर दार लावल्याचा आवाज येत नाही." मग म्हणाला, "मीही येतो."

शिवाप्पांनी डोकं खाजवलं. "सरी, तसंच करू. मी बंदूकवाल्यांना सांगतो, द्राक्षं उतरेपर्यंत माझ्या बांधावर येऊ नका. तळ्याकडे वाट तिथूनच आहे."

१७ मार्च

रोज संध्याकाळी मळ्यात जाते. मामांनी क्लासची वेळ बदलून दिली, का ते विचारलं नाही. तेलाचा रिकामा डबा आणि लाकडाचा दांडका. पहिल्या दिवशी मी इतकं हळू वाजवलं की शिवाप्पा म्हणाले, "बाळ, तू त्यांना अंगाई म्हणतेस का?" दुसऱ्या दिवशी जोरात वाजवलं. तिसऱ्या दिवशी ओरडलेही. हो – मी! माझा आवाज मळ्याच्या दुसऱ्या टोकाला अण्णाला ऐकू गेला, त्याने तिथून डबा वाजवून उत्तर दिलं. वटवाघळं डोक्यावरून वळून लांब रानाकडे जातात. घड वाचतायत. सगळे नाही, पण वाचतायत.

काल बंदूकवाले बांधापर्यंत आले होते. शिवाप्पांनी त्यांना ताक पाजलं आणि परत पाठवलं. म्हणाले, उगादीचा पाडवा होऊ दे, मग बघू.

आत्या मळ्यावर डबा पाठवते. भाकरी, शेंगदाण्याची चटणी. तीन माणसांची असते. शिवाप्पांची धरून.

२३ मार्च

आज सरकारी माणूस मोजणीची साखळी घेऊन मळ्यात आला. तिथे मोठा कारखाना होणार. मळा, तळं, चिंचा, सगळं सरकारने घेतलं. गोळ्या घालायची ऑर्डर रद्द – द्राक्षंच राहणार नाहीत तर मारायचं कशाला, म्हणाला. शिवाप्पा आमच्या ओट्यावर बसलेत. आत्या त्यांच्याजवळ बसलीये. कोण कोणाची समजूत घालतंय, कळत नाही.