हाकेला ओ

सर, शाळेच्या सभागृहात लावायला तुमचं चित्र काढायचं काम माझ्याकडे आलं आहे. चेहरा झाला, ती नेहमीची चुरगळलेली कॉलरही झाली. डोळे तेवढे राहिलेत.

तुम्हाला हसू येत असेल. दिग्रसच्या कापूस जिनिंगवाल्यांच्या पाट्या तुमच्या, नाटकांचे पडदे तुमचे, रेडिओवरच्या शेतकऱ्यांच्या कार्यक्रमातली म्हातारी आणि तिचा जावई, दोघांचे आवाज तुमचेच. आणि सकाळी आम्हा बाकी शिक्षकांच्या आधी वर्गात हजर. मी नवी चित्रकला शिक्षिका म्हणून लागले, तेव्हा वाटायचं, या माणसाला एक काम धड जमत नसावं, म्हणून दहा करतो. तसं मी तोंडावर म्हणालेही. तुम्ही रागावला नाहीत. रविवारी घाटंजीला चल म्हणालात.

गेलेल्या माणसांची चित्रं तुम्ही त्यांच्या घरी जाऊन पुरी करायचात. डोळे शेवटी, आणि तेही घरातल्या कुणी नेहमीसारखी हाक मारल्यावरच. हाक ऐकून माणूस कसा बघतो ते मला दिसतं, असं तुमचं म्हणणं. मला ते नाटक वाटायचं. त्या दिवशी भर दुपारी ओसरीवर आपण बसलोय. त्या घरचे म्हातारे बाबा गेलेल्या बायकोला हाक मारायला तयारच होईनात. मुलं, सुना, सगळ्यांचं आई, आई करून झालं, तुमचा हात हलेना. शेवटी बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "आयकतं का वं?"

"आली ना जी, आली!"

बायकी, थोडा दमलेला आवाज. बाबा ढसाढसा रडले, मग हसले. तुम्ही भराभर डोळे काढलेत. परतीच्या एसटीत मी म्हटलं, "सर, मानलं तुम्हाला. काय आवाज काढलात!"

तुम्ही माझ्याकडे बघतच राहिलात. "माह्या त दातात ब्रश होता, पोरी. मले वाटलं, तूच बोलली."

मी थट्टा समजून हसले. तुम्ही हसला नाहीत. त्यानंतर तसली कामं घेणंच तुम्ही बंद केलंत, आणि मी कधी कारण विचारलं नाही.

परवा तुमच्या घरून काकू चित्र बघायला आल्या होत्या. रिकाम्या डोळ्यांकडे बराच वेळ बघून म्हणाल्या, "हाक मीच मारीन. कॅसेटी साऱ्या खराब झाल्या. मले एकडाव त्यायचा आवाज आयकाचा हाय." रंग ओला आहे, असं सांगून मी वेळ मारून नेली. उद्या त्या येतील. हाक मारतील, आणि खोलीत कुणीच काही बोललं नाही, तर ती शांतता घेऊन त्यांनी एकटीनं घरी जायचं. माझ्याच्यानं ते बघवणार नाही, सर.

म्हणून सकाळपासून तुमचा आवाज काढून बघते आहे. "आलो, आलो, दम धर." जमत नाही. शाळेतली पोरं काढायची तसली नक्कल होते. मघाशी मात्र एकदा हुबेहूब झालं. तसाच बसका घसा, शेवटी तसाच हसू दाबल्याचा सूर. फक्त तेव्हा माझ्या तोंडात पाण्याचा घोट होता.

तो गिळायला फार वेळ लागला. काकूंना फोन करून येऊ नका म्हणावं, असं मनात आलं. केला नाही. हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून खरं लिहिते. काकूंचं निमित्त आहे, सर. मलाच तो आवाज पुन्हा ऐकायचा आहे.