गोठ्यातली मोटार

॥ श्री ॥

लिहून ठेवणार रखमाजी भिमाजी केदारी, वय वर्षे साठ, धंदा पूर्वी फिरता फिटर, हल्ली काही नाही, राहणार लोणावळा, तालुका मावळ, जिल्हा पुणे.

माझी अक्कल ठिकाणावर आहे. चष्म्याने दिसते. हात थोडा कापतो, पण अक्षर लागते. हा कागद मी कोणाच्या शिकवण्याने किंवा धाकाने लिहीत नाही. डॉक्टर गंगाधर साने यांनी छाती तपासून सांगितले की हृदयाची झडप बिघडली आहे. झडप म्हणजे काय हे मला समजावून सांगावे लागले नाही. सव्वीस वर्षे इंजिनांच्या झडपाच घासल्या. ही खोलता येत नाही, एवढाच फरक. दुखते का, असे डॉक्टरांनी विचारले. नीट सांगता आले नाही.

मसुदा माझा स्वतःचा आहे. वडगावचे वकील केशवराव पटवर्धन यांनी तो वाचून पुष्कळ ठिकाणी समासात 'अनावश्यक' असे लिहिले. कंपनीला मी सव्वीस वर्षे फिरतीचे रिपोर्ट पाठवले, त्यांत अनावश्यक एक ओळ नसे. म्हणून या कागदात ते तसेच राहू दिले आहे. घराविषयीचे कलम आज सकाळी बदलावे लागले, ते शेवटी येईल.

कलम पहिले. माझी सर्व मिळकत स्वकष्टार्जित आहे. कार्ल्याची वडिलोपार्जित जमीन मी भावांना सोडली, तिच्यावर माझा हक्क नाही. मी सहावीपर्यंत शिकलो, इथल्या रेल्वेच्या शेडमध्ये हातोडा धरायला शिकलो आणि सन १९१५ साली मुंबईच्या एका तेलइंजिनांच्या कंपनीत लागलो. गावोगाव पिठाच्या गिरण्या आणि विहिरींवरचे पंप निघत होते. इंजिन बैलगाडीतून गावात जायचे, त्याच्या मागून मी. पाया घालायचा, इंजिन बसवायचे, चालवणाऱ्याला शिकवायचे आणि पुढचे गाव गाठायचे. बार्शी, करमाळा, नगर, खानदेश. महिन्याचे वीस दिवस फिरती असे, कधी पंचवीस.

बँकेत जी शिल्लक निघेल तिच्यातून माझी क्रिया साधेपणाने करावी. उरेल ते मुलगी नंदाबाई, राहणार शिरगाव, हिला द्यावे.

कलम दुसरे, मोटार. ही दोन माणसांची, फ्रेंच बनावटीची, सन १९०६ ची गाडी आहे. खंडाळ्याच्या एका पारशी शेटच्या बंगल्यामागे ती करवंदीच्या जाळीत पडून होती. सन १९२१ साली मी त्यांच्या विहिरीचा पंप दुरुस्त केला, तेव्हा शेट म्हणाले, "हवी तर घेऊन जा, जागा तरी मोकळी होईल." चार बैल लावून ती घरी आणली. सीटमध्ये मुंगसाने घर केले होते.

ठेवायला जागा नव्हती. घरामागे गोठा होता, त्यात पत्नी कस्तुराबाई हिची गाय होती. ती तिने माहेराहून, आंबीहून आणली होती. मी म्हणालो, चार महिने गाय सरुबाईच्या अंगणात बांधू. सरुबाई म्हणजे आमची शेजारीण. चार महिन्यांनी गाडीची चाकेसुद्धा सुटी झालेली नव्हती. पुढे मेहुणे अंबाजी घोजगे आले आणि गाय आंबीला घेऊन गेले. तेव्हा कोणी काही बोलले नाही. निदान माझ्यासमोर नाही.

गाडी पुरी व्हायला पंधरा वर्षे लागली. लोक याला वेड म्हणतात, म्हणून कारण लिहितो. घरी असे महिन्याला सात-आठ दिवस. इंजिनाला ठिणगी देणारा मॅग्नेटो तार गुंडाळायला मुंबईस द्यायचा, तर तो तयार होईपर्यंत मी खानदेशात. पत्रा मिळाला तर ठोकायला वेळ नाही, वेळ मिळाला तर पत्रा नाही. एका फिरतीत सुचलेले पुढच्या फिरतीत विसरायचे, म्हणून मी गाडीची वही केली. फिरतीच्या डायऱ्या वेगळ्या आहेत. या आजारात सगळ्या वाचून काढल्या. सन १९२५ साली मी नव्व्याण्णव दिवस घरी होतो असे त्यांवरून निघते. त्यातले किती दिवस घरात आणि किती गोठ्यात, ते कुठे लिहिलेले नाही.

कलम तिसरे. हे वकिलांनी पूर्ण खोडायला सांगितले होते.

नंदाचे लग्न सन १९३१ साली झाले. मी लग्नाच्या सकाळी दौंडहून आलेल्या गाडीने पोचलो. पुढच्या उन्हाळ्यात कस्तुराबाई आंबीला निघून गेली. भांडण झाले नव्हते.

मला ते कळले ते असे. गोठ्यात खाट टाकलेली होती. फिरतीवरून आलो की मी मागच्या फाटकाने थेट तिथे जात असे, आणि झाकलेले ताट दाराशी येत असे. त्या खेपेलाही आले. मी तीन दिवस कार्बुरेटर घेऊन बसलो होतो. मग नगरला गेलो. अकरा दिवसांनी परत आलो, तेव्हा सरुबाई ताट ठेवून उभीच राहिली.

"भाऊ," ती म्हणाली, "आता मला रोजचं जमायचं न्हाई. लेक बाळंतपणाला आलीया."

"काय जमायचं नाही?"

"ताट."

"कस्तुरा कुठं आहे?"

"आंबीला. म्हैना हून गेला की."

"मागल्या खेपेचं ताटसुद्धा तुझं होतं?"

"व्हय. तुमी इचारलंच न्हाई."

मी जेवलो. भाजी वांग्याची होती. मग घरात गेलो. चूल सारवून ठेवलेली होती, हंडा पालथा घातलेला. तिचे एक लुगडे दांडीवर नव्हते, बाकी सगळे जागच्या जागी होते. मला काय वाटले ते लिहावे असे ठरवले होते, पण आठवून पाहिले तर काही सापडत नाही. मी परत गोठ्यात गेलो आणि कार्बुरेटर बसवला.

आठवड्याने नंदा शिरगावहून आली. मी गाडीखाली होतो. मला तिचे पाय दिसत होते.

"आबा, आईला आनाय जानार न्हाई का?"

"गाडी झाली की गाडीतूनच जाईन," मी म्हणालो. "तेवढा अर्ध्या इंचाचा पाना दे."

तिने पाना दिला.

त्यानंतर गाडी व्हायला चार वर्षे गेली. फिरती वाढली होती. साहेबांकडे दोनदा रजा मागितली, दोन्हीदा मिळाली नाही. त्या साहेबांचे नाव मी इथे घालणार होतो. आता राहू दे.

सन १९३६ च्या माघात गाडी आंबीला नेली. लोणावळ्यापासून ती एकदाही बंद पडली नाही. तळेगावला लोक रस्त्यावर आले, आंबीत तर गाव जमला. अंबाजी हाताची घडी घालून उभे होते. सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "या भाऊजी! लोखंडाशी लगीन लावलं, तर वरातबी काढली म्हना की!" गाव हसला. ही गोष्ट मी दहा वर्षे मनात धरली होती.

कस्तुराबाई बाहेर आली. हाताला पीठ होते. तिने गाडीभोवती एक फेरी मारली.

"झाली व्हय?"

"झाली."

"चांगली झालीया. आता म्होरं काय करनार?"

ती काय विचारत होती ते मला पुढे कितीतरी दिवसांनी समजले. त्या वेळी मी जे खरे होते ते सांगितले. म्हणालो, "खोपोलीला एक जुनी मोटारसायकल बघून ठेवलीय."

"बरं," असे म्हणून ती आत गेली. मी थोडा वेळ थांबलो. अंबाजींच्या बायकोने पाणी आणून दिले, ते प्यालो आणि परत आलो. मोटारसायकल घेतली नाही.

कलम चौथे. मोटार, गोठ्यातील लोखंड धरायचा वायस, ऐरण, पाने, कानशी व सर्व हत्यारे इथले लोहार दत्तोबा यांना द्यावी. लढाईत पेट्रोल मिळेना, तेव्हापासून गाडी विटांवर उभी आहे. दत्तोबांनी ती चालवावी, विकावी किंवा वितळवावी. माझी तिच्याबद्दल काही इच्छा उरलेली नाही. चालवणार असतील तर एवढेच, की हँडल मारताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवावा. तिचे इंजिन उलटे झटकते आणि मनगट जाते. माझे एकदा गेले होते, त्या स्थितीत मी करमाळ्याला इंजिन बसवले.

कलम पाचवे. मेहुणे अंबाजी यांना गोठ्यातील लाकडी गव्हाण द्यावी. ती त्यांच्याच वडिलांनी गाईबरोबर पाठवली होती. पंचवीस वर्षे तिच्यात मी नट-बोल्ट ठेवले. ते काढून, धुऊन द्यावी. त्यांचे बोलणे मी मनातून काढले आहे असे लिहिणार होतो. काढले की आपोआप गेले ते सांगता येत नाही.

कलम सहावे. फिरतीच्या डायऱ्या बंबात घालाव्या. गाडीची वही दत्तोबांना लागेल.

कलम सातवे, घर.

मी आजारी असल्याचे सरुबाईने आंबीला कळवले. गेल्या गुरुवारी कस्तुराबाई आली. चौदा वर्षांनी आली. पिशवी ओट्यावर ठेवली, चूल पेटवली आणि विचारले, "भात खाता का पेज करू?" मी पेज म्हणालो. तीन दिवसांत यापेक्षा फारसे बोलणे झाले नाही. परवा ती परत जाणार आहे.

आज सकाळी वकील, डॉक्टर आणि दत्तोबा जमले. मी मसुदा मोठ्याने वाचला. कस्तुराबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून ऐकत होती. तिसरे कलम झाले तेव्हा ती म्हणाली, "येक खेप चुकली."

"कसली?"

"येक खेप तुमाला म्या न्हाई ते कळलं न्हाई, आसं लिवलंय. दोन खेपा. पयल्या खेपेला तर म्या दारातच हुते, बोचकं घिऊन. अंबादादाची बैलगाडी यायची हुती. तुमी मागल्या फाटकातनं आलात, माज्याकडं बगितलंत, 'चहा ठेव' म्हनलात नि गोठ्यात गेलात."

"मग?"

"मग काय? चहा ठिवला. गोठ्याच्या दारात ठिऊन ग्येले."

मला हे आठवत नाही. डायरी काढून पाहिली. ता. २० एप्रिल १९३२, बुधवार, दुपारी घरी. त्यापुढे काही नाही. तिचे म्हणणे खरे धरावे.

त्यानंतर साक्षीचा प्रश्न निघाला. पहिली साक्ष डॉक्टरांची. दुसरी दत्तोबांची ठरली होती, पण वकील म्हणाले, ज्याला कागदातून काही मिळायचे आहे त्याची साक्ष ठेवू नये, पुढे तंटे होतात. दत्तोबा म्हणाले, मग सरुबाईच्या लेकाला बोलावतो.

"नगं," कस्तुराबाई म्हणाली. "म्या घालते साक्ष."

वकिलांनी तिला समजावले. "बाई, घर तुमच्याच नावे लिहिलेलं आहे. तुमची साक्ष कशी चालेल?"

"मग घर नंदीच्या नावं करा."

"नीट विचार करून सांगा."

"चौदा वर्सं केला."

मी म्हणालो, "कस्तुरा, घर तुझंच होतं. साक्षीला काय, कोणीही चालेल."

"कुनीबी कसं चालंल?" ती म्हणाली. "ह्यात जे लिवलंय ते बगाय हितं दुसरं कोन हुतं?"

वकिलांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, लिहा. म्हणून, लोणावळ्याचे हे राहते घर, अंगण, परडे व रिकामा गोठा यांसह, मुलगी नंदाबाई हिला द्यावे. कस्तुराबाई हिला या कागदाने काही मिळत नाही. तिची तशी मागणीही नाही. तिला कधी येऊन राहावेसे वाटले, तर तिला किल्ली मागावी लागू नये, नंदाने आपणहून द्यावी.

वकिलांनी साक्षीदारांच्या जागी 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' असे लिहायला घेतले.

"सई," कस्तुराबाई म्हणाली. तिने पदराला हात पुसले, वकिलांची लेखणी मागून घेतली आणि मसुद्याच्या पाठीवर आपले पूर्ण नाव काढून दाखवले. काना-मात्रा कुठे चुकली नव्हती.

"तू कधी शिकलीस?" मी विचारले.

"नंदी बिगरीत जायाची तवा. तिच्या संगं."

"कुठं?"

"हितंच. सैपाकघरात. तुमी गोठ्यात हुता."

मसुद्याचा तो कागद माझ्याजवळ आहे. तो कोणाला द्यावा याबद्दल काही ठरलेले नाही. तो माझ्याबरोबर ठेवावा.

येणेप्रमाणे वाचून, वाचून दाखवून, दुरुस्त करून लिहिले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. पुढेही करण्याचा विचार नाही.

मुक्काम लोणावळा, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा, शके १८६८, रविवार, ता. २४ नोव्हेंबर १९४६.

सही : रखमाजी भिमाजी केदारी

वर लिहिणाऱ्याने आमच्यासमक्ष सही केली, व आम्ही त्यांच्यासमक्ष साक्षी घातल्या.

साक्ष १ : डॉ. गंगाधर बळवंत साने, लोणावळा

साक्ष २ : कस्तुराबाई रखमाजी केदारी, हल्ली राहणार आंबी, दस्तुरखुद्द