हक्कसोडाची साडी

मंजूअक्काला धाकट्या भावाचा, उमाचा नमस्कार.

आईचं तेरावं झाल्यावर जिंतूरच्या घराच्या हक्कसोडावर तू न वाचता सही केलीस. "हिस्सा काय करायचाय, माहेर राहू दे म्हंजे झालं," म्हणालीस. रीत म्हणून मी तुला साडी नेसवली. बँकेच्या कर्जासाठी कागद लागतो, हे मी खोटं सांगितलं होतं. मला ते घर गोव्याच्या कॅसिनोत उधारीसाठी माझ्या एकट्याचं म्हणून दाखवायचं होतं.

तिथं मी मशीनवर पत्ते खेळायचो. कोणता पत्ता ठेवायचा, कोणता टाकायचा, याचं गणित पाठ होतं. शाळेत गणितच तर शिकवतो. स्वतःच्या पैशानं खेळायचो तवर खिसा रिकामा झाला की उठायचो. मग घराचा कागद बघून, सही केलेले चेक ठेवून घेऊन त्यांनी उधारी सुरू केली आणि खिसा रिकामाच होईना. उठायचं कधी, ते मला कळलं न्हाई.

ते चेक वटवायला दिवाळीत घर विकलं. मी शाळेपायी आधीपासूनच गंगाखेडला भाड्यानं राहतो, म्हणून तुला पत्ता लागला न्हाई.

दाजी गेल्यावर सासरचे कसे वागायलेत ते काल तू फोनवर सांगितलंस. "मागची खोली झाडून ठेव, सोमवारी कायमची येते," म्हणालीस. मी म्हणालो, "ये की अक्का, घर तुझंच हाय."

आज रविवार. पत्र आता टाकलं तरी तुझ्या आधी पोचायचं न्हाई. म्हणूनच फोन बाजूला ठेवून पत्र लिहायलोय.

तुझा,
उमाकांत