उजव्या बाजूचं स्टिअरिंग

डिंडोली, सुरत
गुरुवार, ७ ऑगस्ट २०२५

चि. योगराज यास आजीचा पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. माझे गुडघे सोडून, पण ते कधी आपले म्हणून वागलेच नाहीत. तुझा बाप रोज मार्केटात साड्यांच्या घड्या घालतो आणि घरी आला की स्वतःचा शर्ट खुर्चीवर फेकतो. रविवारी घरात कानबाई माता बसली, सोमवारी वाजतगाजत बोळवली.

पत्र तुझी बायको लिहिते आहे. मी बोलेन तेच लिहायचं आणि शेवटी दोनदा वाचून दाखवायचं, अशी अट आहे. तिसऱ्यांदा मी खालच्या रंजनाकडून वाचून घेणार. हे वाक्यसुद्धा धनश्रीकडूनच लिहून घेतलं. पाकीट कालच तयार झालं. पत्ता तिने टाकला, पोस्टात जाऊन तिकीटही तिनेच लावून आणलं. पाकीट माझ्या उशाखाली आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तुझं नेट जातं. मी जेवलास का विचारलं की जात नाही, राहतोस कुठे विचारलं की जातं. कागदाचं नेट जात नाही.

तर आता फोटोचं. गेल्या महिन्यात तू फोटो पाठवलास. गाडीत बसलायस, हात स्टिअरिंगवर, डोळ्याला काळा चष्मा. खाली लिहिलं होतं म्हणे, ‘आजी, दुबईची गाडी.’ मी अख्ख्या गल्लीला दाखवला. समोरच्या टेम्पोवाल्या भूपेंद्रलाही दाखवला. तो मागच्या वर्षी मेव्हण्याकडे दहा दिवस दुबई फिरून आला, तेव्हापासून आमच्याशी जरा सावकाश बोलतो.

तो म्हणाला, “आजी, तिथे सगळं उलटं. गाडी रस्त्याच्या उजव्या अंगाने चालते, ड्रायव्हर डावीकडे बसतो. मेव्हण्याने गाडी हातात दिली, तर दोन दिवस मी वळायला दांडी दाबायचो आणि काच पुसायचं वायपर हलायचं. पावसाचा थेंब नाही आणि मी आपला काच पुसतोय. लोक बघायचे.”

हसता हसता त्याने फोटो जवळ घेतला आणि हसायचा थांबला. तू उजवीकडे बसला होतास.

मी घरी येऊन धनश्रीला विचारलं. तिच्याकडे उत्तर तयारच होतं. “आजी, मोबाइलवर स्वतःचा फोटो काढला की उजव्याचं डावं दिसतं.” बरं म्हटलं. मला अक्षर येत नाही, पण उजवं-डावं कळतं. पाच वर्षांचा असताना तू ओट्यावरून पडलास, तेव्हा डाव्या भुवईवर तीन टाके पडले. ते टाके पडताना तुझं डोकं मी धरलं होतं. फोटोत ती खूण डाव्याच भुवईवर आहे. म्हणजे फोटो सुलटा आहे, भाऊ. उलटं दुसरंच काहीतरी आहे.

आता धनश्रीचा पेन थांबला. मी बघते आहे. लिही, “पेन थांबला.”

मग मी तो फोटो रोज बघायला लागले. तुझ्या मागच्या काचेतून एक टपरी दिसते. टपरीवर गुटख्याच्या पुड्यांच्या माळा लटकतात. आरशाला लिंबू-मिरची बांधली आहे. दुबईवाल्यांनाही नजर लागत असेल, मी नाही म्हणत नाही, पण लिंबू-मिरचीची गाठ मारायची पद्धत तर आपल्या पर्वत पाटियाच्या चौकातल्या बाईची आहे.

आणि परवाची गोष्ट. कानबाईच्या प्रसादाच्या रोटासाठी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतला. तुझ्या नावाची मूठ मी मुद्दाम दाबून भरली. रोट घरच्यांनीच खायचा, बाहेर कुणाला द्यायचा नाही, हे तुझ्या बायकोला माहीत आहे. सोमवारी दुपारी तुझ्या वाटचा रोट डब्यात नव्हता. म्हटलं, कुठे गेला वं? म्हणते, मी खाल्ला. श्रावणी सोमवारचा उपास धरून खाल्ला? मग म्हणते, चुकून तोंडात गेला. एवढा रोट चुकून तोंडात जायला तिचं तोंड काही हजीऱ्याच्या बंदराएवढं नाही.

हजीऱ्याचं नाव मी उगाच घेतलं नाही. पुढे सांगते.

आधी माझं एक सांगायचं राहिलं आहे. नऊ महिने पोटात ठेवलं. तू जायच्या आधी आरटीओतून तो राखाडी पुस्तकासारखा परवाना आणलास. परदेशात गाडी चालवायचा परवाना, आजी, म्हणालास, आणि माझ्या मांडीवर ठेवलास. मी त्याला हळदकुंकू वाहिलं. नवी वस्तू, कुणाला न विचारता वाहिलं. कुंकू जास्त झालं आणि नेमकं तुझ्या फोटोवर पसरलं. पदराने पुसलं तर आणखी पसरलं. तू हसलास, म्हणालास, काही होत नाही. मी मात्र तेव्हापासून मनात धरून आहे की तिथल्या साहेबाने ते पान उघडलं असेल आणि तोंड लाल झालेला माणूस बघून तुला परत पाठवलं असेल.

भूपेंद्रला विचारायची लाज वाटत होती. शेवटी विचारलं. तो म्हणाला, “कुंकवाचं काही नाही आजी. तो परवाना फिरायला आलेल्याचा. पाहुणा आहेस तोवर चालव. नोकरीचे कागद झाले, तिथला राहणारा झालास, की तो परवाना गेला. मग त्यांची परीक्षा द्यायची. आपली माणसं दोनदा, तीनदा नापास होतात. हात डावीकडेच ओढतो.”

तू नापास झालास का, भाऊ? ड्रायव्हरकीची नोकरी आणि परीक्षा नापास, तर त्यांनी ठेवलं नसेल. एवढंच ना?

फोटोतली टपरी भूपेंद्रने ओळखली. हजीऱ्याच्या रस्त्याला ट्रेलर उभे राहतात तिथली. मंगळवारी माल टाकायला गेला, तेव्हा लांबून तुलाही बघून आला. ट्रेलर चालवतोस म्हणे. वाळलास म्हणे. मी त्याला कानबाईची शपथ घातली आहे, कुणाला बोलणार नाही. तुझ्या बापालाही सांगितलेलं नाही.

तू का लपलास तेही मला कळलं, आणि ते मला आवडलं नाही, कारण त्यात मी आहे. निघताना सगळ्या गल्लीसमोर मी म्हटलं, “साहेब होऊन ये. हात हलवत आलास तर दार उघडणार नाही.” लोक हसले, तूही हसलास. माझं तोंड असंच आहे, तुझ्या आजोबांनी त्याच्यापायी दोनदा जेवण टाकलं होतं. पण त्यांना ठाऊक होतं, मी दार कधी लावतच नाही. तुलाही ठाऊक असेल असं मी धरून चालले.

आता धनश्री, पाकीट काढ माझ्या उशाखालून. लिहीत राहा, थांबू नको. परवा मी पोस्टातल्या बाईला विचारून आले होते. दुबईला पाठवायचं तर तिकिटांची रांग लागते म्हणाली. यावर तिकीट एकच आहे. पत्ता मला वाचता येत नाही, तिकिटं मोजता येतात.

धनश्री रडते आहे. शाई फुटली असेल तर तिला काही बोलू नको. तू सांगितलंस तसं ती वागली. मीही बोलणार नाही. आज तरी.

पोस्टाची वाट बघायला वेळ नाही. शनिवारी पौर्णिमा आहे आणि रोट पौर्णिमेच्या आत संपवायचा असतो. माझ्या वाटचा तुकडा मी ठेवला आहे, मला दात नाहीत. पत्र उद्या सकाळी भूपेंद्र हातात देईल. त्याच्या टेम्पोत बसून ये किंवा तुझा ट्रेलर घेऊन ये, गल्लीत मावणार नाही तो भाग वेगळा. विचारणाऱ्याला मी सांगेन, आला माझा नातू. पुढचं मी बघून घेते.

चौकातून आत डाव्या अंगाने ये. इथे तुला परीक्षा नाही.

तुझी आजी
शोभाबाई

सहीच्या जागी अंगठा कुंकवाचा उठवला आहे. या वेळी पुसलेला नाही.