आधी पोहे खा, मग बोला

आप्पा,

आज तुम्ही हवे होतात. माझ्या नातीच्या कॉलेजच्या पुस्तकात मला चक्क तुम्ही सापडलात! नाव नाही तुमचं, पण माणूस तोच. ती इथेच देवासला नीतिशास्त्र शिकते, हिंदीतून. मराठी बोलते, पण वाचायला दिलं की पळून जाते. सकाळी मोठ्याने वाचत होती. कृत्य बरं की वाईट ते त्याच्या परिणामांवरून ठरवा म्हणणारे एक, परिणाम काहीही होवो, कर्तव्य सोडू नका म्हणणारे दुसरे, आणि आधी माणूस चांगला घडू द्या, त्याचं आयुष्य फुलू द्या, मग त्याच्या हातून बरंच होईल म्हणणारे तिसरे. मी मटार सोलत होते, तशीच ताटलीसकट उठले. म्हटलं, "अगं, हे तिघंही माझ्या लग्नाच्या सकाळी आमच्या मांडवात भांडले होते!"

तुम्ही शाळेतले मास्तर, पक्के कर्तव्यवाले. देवासच्या रस्त्याच्या एका अंगाला थोरल्या पातीचं राज्य, दुसऱ्या अंगाला धाकट्या पातीचं, कायदे वेगळे, पण खोटं दोन्हीकडे खोटंच, असं मुलांना ठणकावून सांगायचात. दोन्ही राज्यं विलीन झाली, तुमचं वाक्य तेवढं राहिलं. आणि मग, काही वर्षांनी, माझं लग्न. धारचे काका, तुमचे चुलतभाऊ, आजारी म्हणून आले नव्हते. सकाळी देवक बसायचं होतं आणि गुरुजींचा पत्ता नव्हता. तेवढ्यात धारच्या बसचा ड्रायव्हर, काकांचा शेजारी, मांडवाच्या दाराशी येऊन उभा राहिला. कोणी अत्तर लावायला गेलं तर त्याने हात मागे घेतला, आणि तुम्ही ओळखलंत, काका गेले. देवक एकदा बसलं की सुतक लग्नाच्या आड येत नाही. त्याआधी बातमी कानावर पडली असती तर लग्न पुढे गेलं असतं. मुलीला एवढं कशाला शिकवलं म्हणून मुलाकडची मंडळी आधीच कुरकुरत होती. पुढे गेलेलं लग्न बहुतेक मोडलंच असतं, आणि मला तर तोच मुलगा हवा होता.

मी हळदीच्या हातांनी खिडकीत बसले होते, म्हणून पुढचं सगळं पाहिलं. तुम्ही लगबगीने गेलात, त्याचा खांदा धरून त्याला पाटावर बसवलंत. "पेले पोहे खा लो भिया, बात पीछे." तो म्हणाला, "हाँ मास्साब, बात की काँ जल्दी है." तुम्ही जिलबी वाढताय, तो खातोय. घास संपला की तुम्ही पुन्हा वाढताय. मला वाटलं, आप्पा आज किती खुशीत आहेत! शेवटी गुरुजी धापा टाकत आले, देवक बसलं, तुम्ही स्वतः ड्रायव्हरच्या हातावर पाणी घातलंत आणि म्हणालात, "अब बोलो." संध्याकाळी कन्यादान करताना तुम्ही दोनदा मंत्र चुकलात. लेक चालली म्हणून, असं मी समजले. दुसऱ्या दिवशी तुम्ही धारला पोचलात तेव्हा भावाचं तोंड दिसायचं राहून गेलं होतं.

पुढे धारच्या काकूंनी मला हसत-रडत सांगितलं, ड्रायव्हरला ताकीद त्यांनीच दिली होती, देवक बसेपर्यंत तोंड उघडू नको. म्हणजे तुम्ही त्याला गप्प ठेवायला वाढत होतात आणि तो बिचारा गप्प राहायला खात होता! मी हे सांगितलं तेव्हा नात पोट धरून हसली. मग एकदम थांबून तिने विचारलं, "पर आजी, परिणाम गिनना बंद कब करते हैं?"

आप्पा, तिथे माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी माहेरी आले की तुम्ही दारातच विचारायचात, "सुखी आहेस ना?" मला वाटायचं, ही बापाची रीत. पण तुम्ही परिणाम मोजत होतात! मी सुखी असले तर त्या सकाळी केलंत ते बरोबर, नाहीतर भावाचं शेवटचं तोंडही गेलं आणि जन्मभर जपलेलं सत्यही गेलं. केवढं ओझं घेऊन बसलात हो! मला विचाराल तर तुम्ही तिसऱ्या गटातले. काकू, ड्रायव्हर आणि तुम्ही, कोणी कोणाला विचारलं नव्हतं, तरी तिघांनी एकच केलं. आधी हिशेब मांडून असं होत नाही, माणसं तशी होती म्हणून झालं. माझा संसार बिघडला असता तरी तुम्ही बरोबरच ठरला असतात. हे तेव्हा सांगायला हवं होतं, पण तेव्हा मला तरी कुठे कळत होतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही आणि नात मराठी काही वाचत नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. पुढे मी सुखी झाले, अगदी खरंच झाले. पण पहिल्या वर्षी नव्हते. दिवाळीला आले, तुम्ही दारात विचारलंत, आणि मी तुमच्या तोंडाकडे पाहून म्हटलं, "खूप." तुम्ही पायांत चपला सरकवल्यात आणि माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा घरात जिलबी आणलीत.