पंखा एकावर

३ जून

ती. काकांस,
शि. सा. न.

बीएस्सी होऊन मी मेंदूच्या प्रयोगशाळेत प्रशिक्षणाला आले, हे तुम्ही दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला चष्म्याबरोबर फुकट सांगता म्हणे! पण आता खरी कसोटी आहे. ज्याची नोंद सगळ्यांत स्वच्छ येईल, त्यालाच आमच्या बाई संशोधनाला ठेवून घेणार. बाकीच्यांनी गाशा गुंडाळायचा.

आम्ही माणसाच्या डोक्याला तारा चिकटवून मेंदूतल्या विजेच्या लाटा संगणकावर बघतो. मधे केस आले की सगळा खेळखंडोबा. माझ्या मैत्रिणीच्या डोक्यातून तर नुसती खरखर आली.

तेव्हा मला एक डोकं हवंय, जरा मोकळंढाकळं. कसं सांगू? तुम्ही आलात की आम्ही पंखा एकावर ठेवतो, ते काही वीज वाचवायला नाही. रागावू नका. नाही आलात तरी लोभ राहीलच, मी इथे राहणार नाही एवढंच.

तुमची,
टिटवी

७ जून

चि. टिटवीस,
अ. आ.

माझे केस माझेच आहेत. विकत घेतलेली वस्तू स्वतःचीच असते. वीस वर्षं तुमच्याकडे घामाघूम होऊन जेवतोय, आणि ती माझी सोय होती होय!

काकूला पत्र दाखवलं. पोट धरधरून हसली आणि माझी पिशवी भरायला घेतली. शुक्रवारी येतो. खोलीत तू आणि तुझ्या बाई, तिसरं कुणी नको.

तुझा अब्रूदार काका

१५ जून

ती. काकांस,
शि. सा. न.

मला ठेवून घेतलं! डोळे मिटा म्हटलं तर तुम्ही चक्क घोरायला लागलात. मी कपाळाला हात लावला, पण बाई पडद्याला नाक लावून बसल्या. झोपेच्या इतक्या स्वच्छ लाटा त्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या म्हणे. तुमचा टोप मात्र इथल्या कवटीच्या नमुन्यावरच राहिला. पाठवू का? आणि काका, सगळ्यांना ठाऊक होतं, तर इतकी वर्षं घातलात कशाला?

पोटभर माया आहेच, वाढतेय.
टिटवी

२० जून

चि. टिटवीस,
अ. आ.

तू दीड वर्षाची असताना माझं टक्कल दिसलं की भोकाड पसरायचीस. टिटवी हे नाव तेव्हाचंच. माझ्याकडे काही केल्या येईनास, फार वाईट वाटायचं. म्हणून टोप आणला. त्याच दिवशी मांडीवर येऊन बसलीस. मग काढायचा धीरच झाला नाही.

परवा तेच टक्कल दोन्ही हातांत धरून पुसत होतीस. रडली नाहीस.

टोप त्या कवटीलाच राहू दे. तिलाही कुणीतरी घाबरत असेल. रविवारी तुमच्याकडे जेवायला जातोय. बाबांना कळव, पंखा पाचावर ठेवा.

तुझाच,
काका