देवराईतली फांदी

४ डिसेंबर १९९९, आहुपे
पोचले. लंकाबाईने दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. ती पुण्यात माझ्याकडे कामाला होती, तेव्हा तिचा रामदास माझ्या ओट्याशी बसून एबीसीडी गिरवायचा. जेवायच्या आधी मी म्हणायची, हात दाखव बघू. आता उंच झालाय. माझी बॅग खांद्यावर टाकून पुढे चालला. ओसरीलगतची खोली माझ्यासाठी सारवून ठेवली आहे.

७ डिसेंबर
देवराईतून एक वाळकी फांदी उचलून आणली. कॉन्व्हेंटमध्ये नाताळात सिस्टर अशाच फांदीवर कापसाचा बर्फ लावायच्या. मीही लावला. लंकाबाईचा चेहरा उतरला. बाई, तिथली काडी कुणी घरात आनत न्हाई, म्हणाली. लगेच परत ठेवून आले. रामदास दारातून बघत होता.

११ डिसेंबर
रामदास म्हणतो, रेडिओ त्याच्याविषयीच बोलतो, एसटीचा हॉर्न त्यालाच खुणावतो. लंकाबाईने रडत सांगितले, वर्सभर लई गांजा वढतोय.

१४ डिसेंबर
घोडेगावला नेले. डॉक्टर म्हणाले, मेंदूत डोपामिन नावाचे रसायन असते. कशाकडे लक्ष द्यायचे ते ठरवायला मदत करते. गांजाने काहींचे हे तंत्र बिघडते, मग साध्या गोष्टीतही इशारे दिसू लागतात. गांजा बंद, गोळ्या चालू. रामदासचे वडील जानकू खाली मान घालून ऐकत होते.

१९ डिसेंबर
आज रामदासने भाकरी मागून खाल्ली. ए फॉर ॲपल म्हणून दाखवले आणि हसला. किती दिवसांनी.

२२ डिसेंबर
गोळ्या चुलीत सापडल्या. जानकूंनी स्वतःच त्याला चिलीम भरून दिली. गोळीनं पोरगं मढ्यावानी पडतं, चिलमीनं बोलतं तरी, म्हणाले. मी खूप बोलले.

२३ डिसेंबर
रामदास जेवत नाही. फांदीचे विचारतो. परत ठेवली म्हटले. म्हणतो, काडी गेली, पण उचलणारा हात ऱ्हायला. देवराई तो मागते.
उद्या त्याला पुन्हा घोडेगावला न्यायचे.

२४ डिसेंबर, दुपार
सकाळच्या एसटीत चढलाच नाही. जानकू आणि लंकाबाई त्याच्या मामाला आणायला गेलेत. ओसरीवर कोयत्याला धार लावल्याचा आवाज—
थांबला.
कडी लावली आहे. लाकूड जुने—
दाराशी आलाय. रागावलेला नाही. अगदी लहानपणीच्या आवाजात म्हणतो, बाई, हात दाखवा बघू.
फांदी मी उजव्याच—